सहा हातांची पाल

कार्तिक वद्य तृतीया, सन १९३४. जळगाव जामोद.

दादाने आज मला मोटेवरून हाकलले. हाकलले म्हणजे गोड बोलून हाकलले, आणि तेच जास्त झोंबले. मी बैलाच्या पाठीवर हात ठेवला न ठेवला तोच आमचे थोरले बंधू हिंमतराव मळ्याच्या दुसऱ्या टोकाहून ओरडले, "रंगा, तू आराम कर बाप्पा! तुह्या अंगात अजून हिवताप हाये."

हिवताप दसऱ्यालाच गेला. कोयनेलच्या गोळ्यांनी कान वाजायचे तेही थांबले. पण घरात कोणी मानायला तयार नाही. वांग्याला पाणी द्यायचे तर दादा, मिरची तोडायला बायका लावायच्या तर दादा, खामगावच्या बाजाराला माल न्यायचा तरी दादाच. मी ओसरीवर बसून काढा प्यायचा. चाळिशीतच माझा बुढा करून ठेवला आहे. खरे सांगतो, मला त्या ओसरीची भीती वाटू लागली आहे.

सगळा दोष पूर्णा नदीवर. पोळा झाल्यावर, पूर ओसरला तेव्हा मी हत्तीडोहावर गळ टाकून उघड्यावर निजलो, म्हणून ताप आला, असे सगळे म्हणतात. आता तिथला मोठा रोहू उजाडायच्या आधीच खातो, त्याला मी काय करू? आणि डोह घरापासून एवढा लांब की मुक्काम केल्याशिवाय पहाट गाठता येत नाही. नदीकाठचे लोक त्या रोहूला जमादार म्हणतात. त्याला मिशा आहेत, आणि डोहातली त्याची फेरी सरकारी फेरीसारखी ठरल्या वेळी असते. दोनदा माझी दोरी तोडून गेला आहे. त्याला काढीन तेव्हाच या घरात मला धडधाकट माणसांत धरतील, एवढे मला कळून चुकले आहे.

जेवताना विषय काढला. माझी बायको मंजुळा वाढता वाढता म्हणाली, "जा की. पन डोक्यावर छप्पर पायजे. उघड्यावर निजाचं नाई."

दादा म्हणाला, "अन् होळीच्या आंधी पुन्हा अंग तापलं, त ते काठी मी होळीत टाकीन. मंग बस वसरीवर."

दोन्ही अटी कबूल केल्या. छप्पर म्हणजे काय एवढे मोठे!

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी.

दमणी नेली. आयते छप्पर, आत गवताची गादी, दोन्ही बाजूंनी पडदे. नवरीला सासरी नेतात त्या गाडीत मी मासे धरायला गेलो म्हणून गल्लीतली पोरे हसली. हसोत.

माझा गळ लावायचा प्रकार असा. खामगावच्या तेलगिरणीतली ताजी सरकीची ढेप, ज्वारीचे पीठ आणि किंचित गूळ एकत्र मळून गोळे करायचे. काठी काठावर रोवायची आणि तिच्या टोकाला घुंगरू बांधायचे. माशाने ओढले की घुंगरू वाजते, आपण उठायचे.

घुंगरू रात्रभर वाजले. दर वेळी मी दमणीतून उडी मारून धावलो, आणि दर वेळी आमचा ढवळ्या मान हलवत उभा. त्याच्या गळ्यातली घुंगरमाळ काढायचे माझ्या ध्यानातच आले नाही. उजाडल्यावर पाहिले तर गोळ्यांची टोपली चाटूनपुसून साफ. ढेप बैलाचेच खाणे, त्याला दोष तरी कसा द्यावा.

मंजुळाला सांगितले तर ती म्हणाली, "बैलानं खाल्लं त खाल्लं. गळ त नाई ना गिळला?" मला तिची काळजी बैलासाठीच जास्त वाटली.

मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा.

या खेपेला माळा. डोहाला लागून कडूबाचे ज्वारीचे वावर आहे आणि पाखरे राखायला त्याने चार बल्ल्यांवर माळा बांधलेला आहे. वर गवताचे छप्पर. मला वाटले, आपण वर, विंचूकाटा खाली, याहून चांगले काय.

खालून फटींतून वारा असा शिरत होता की वरचे छप्पर कोणासाठी आहे ते कळेना. पहाटे घुंगरू वाजले, खरे वाजले. मी उठलो, घोंगडी पायांत अडकली, शिडीची मधली कांबी निसटली, आणि मी ज्वारीत पडलो. काठीपर्यंत पोचलो तेव्हा दोरी सैल झाली होती आणि डोहात मधोमध एक मोठे वर्तुळ पसरत चालले होते. जमादाराने सलाम ठोकला म्हणायचे.

कडूबा आवाज ऐकून आला. मला उठवत म्हणाला, "रंगराव, माळा पाखरं हाकाले असते गा. मासे हाकाले नाई."

घरी कंबर दुखते म्हणून सांगितले नाही. लंगडतही नाही. पण मंजुळाने न विचारता पाठ शेकून दिली. तिला कसे कळले कोण जाणे.

मार्गशीर्ष वद्य सप्तमी.

ताप नाही. दादा जाता-येता कपाळाला हात लावतो. मी काय गाभण गाय आहे?

पौष शुद्ध द्वितीया.

आज लिहायला हात शिवशिवतो आहे, रागाने.

खामगावात साहेब लोकांच्या दौऱ्याचे सामान पुरवणारा एक ओळखीचा गृहस्थ आहे. त्याच्याकडून राहुटी आणली. पांढरी शुभ्र, दोन खांब, दाराला पडदा, खाली सतरंजी. उभी केली आणि दूर जाऊन पाहिली तर माझी छाती फुगली. मनात म्हटले, दादाने आता पाहायला पाहिजे होते.

दादाने नाही पाहिली, पण सगळ्या गावाने पाहिली. दिवस कलता कलता नदीपलीकडचे पाटील फेटा बांधून हजर. मागे कोतवाल, त्याच्या डोक्यावर दुधाची घागर. त्यांच्यामागे अर्धे गाव. नागपूरहून साहेबाचा मुक्काम आला अशी हाकाटी झाली होती. मी पडद्यातून धोतरावर बाहेर आलो तर पाटील म्हणाले, "साहेब कोठी हायेत?"

"साहेब नाही. मी रंगराव माळी. मासे धरायला आलो."

पाटलांनी डोळा मिचकावला. "समजलं बाप्पा. साहेब गुपचूप पाहनी करून राह्यले. आम्ही कोनाले सांगत नाई."

मग कोतवालाने साहेबाची झोपमोड होऊ नये म्हणून रात्रभर डोहाभोवती काठी आपटत गस्त घातली. मासा तर मासा, बेडूकसुद्धा वर आला नाही. सकाळी एक म्हातारी विहिरीला पाणी नाही म्हणून रडत आली. मी तिचे सगळे ऐकून घेतले, काय करणार. साहेबाला सांगतो म्हटले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटे मोडली तेव्हा मात्र मला फार वाईट वाटले.

राहुटी परत धाडली.

पौष शुद्ध एकादशी.

संक्रांतीच्या तिळगुळाने दादाची जीभ काही गोड झाली नाही. म्हणतो, "होळी आता लांब नाई." मळ्यात कांद्याची लावण चालली आहे आणि मी ओसरीवर पोरांचे पतंग चिकटवतो.

निवृत्ती भेटला. तो दर आठवडी बाजारात बांगड्यांचे दुकान मांडतो. त्याची पाल मागून घेतली. बाजारातल्या दुकानांची असते तीच पाल, आडव्या काठीवर टाकलेले कापड आणि चार खुंट्या. हलकी, बुटकी, काठीच्या अगदी जवळ लावता येते, आणि तिला पाहून कोणी पाटील दूध घेऊन येणार नाही. इतके दिवस हे सुचले कसे नाही?

पौष वद्य द्वितीया.

पाल पडली. पहाटे वाऱ्याचा असा झोत आला की खुंट्या वाळूतून निघाल्या आणि मधल्या काठीसकट पाल थेट माझ्या डोक्यावर. टेंगूळ आले. मी आत गुरफटून धडपडत असताना बाहेर घुंगरू खणखणत होते, हे लिहितानाही डोळ्यांत पाणी येते. बाहेर निघालो तेव्हा दोरी तुटलेली. आता तीनदा.

तसाच वाळूत बसून राहिलो. हे आपल्याच्याने व्हायचे नाही असे पहिल्यांदा वाटले. गावाकडे निघायची ताकद नव्हती, म्हणून कडूबाला म्हटले, तू पुढे जा, घरी सांग, पाल डोक्यावर पडली, मी उन्हे चढल्यावर येतो.

पौष वद्य तृतीया.

काल घरी काय झाले ते सविस्तर लिहिले पाहिजे.

दारात पाय ठेवतो तो मंजुळा कळशी घेऊन उभी. मी तोंड उघडायच्या आत डोक्यावर पाणी ओतले. धोतरासकट, टोपीसकट. ओसरीवर दादा चिंतातुर बसलेला, वहिनी देवाला दिवा लावतेय.

"अगं पण झालं काय?"

"बोलू नका! पाल पडली ना डोक्यावर? बोललं त फळ जाते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या लोकांना वाटले भिंतीवरची पाल! चुकचुकते ती! कडूबाने सांगितले असेल 'पाल पडली', आणि यांनी धरले भलतेच. मी सांगणारच होतो, पण मंजुळा पुढे बोलू लागली आणि मी तोंड मिटले.

"मी जोशीबुवाले इचारून आली," ती दादाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "मस्तकावर पाल पडली त मोठा मान भेटते. पन शांती कराव लागते. येत्या अवसेले वाहत्या पान्याच्या काठी मुक्काम. उघड्यावर नाई, कापडाच्या सावलीत."

दादा विचारात पडला. "अन् नाई केला मुक्काम त?"

"त मंग तापाचं भेव हाये."

दादा माझ्याकडे पाहत राहिला. देवाधर्माचे काम, त्याला नाही कसे म्हणणार? शेवटी म्हणाला, "जा बाप्पा. पन हे शेवटचं."

मग मंजुळा हळूच म्हणाली, "शांती सपत्नीक असते म्हने."

इथे मला जरा धक्का बसला. बायको घेऊन गळ टाकायला कोण जातो? पण फुकट मिळालेली पहाट सोडणार कोण. मी मान हलवली. अडाणीपणाचा कधी कधी असा उपयोग होतो. बिचारीला एवढे सोपे कळले नाही की ती पाल कापडाची होती. मी गप्प राहून सगळ्यांना कसे बनवले याचे मला दिवसभर हसू येत होते.

पौष वद्य षष्ठी.

कडूबा भाजी न्यायला आला होता. म्हणाला, "वयनी त हसूहसू लोटपोट होऊन राह्यली होती त्या दिवशी. मी खुंट्या कशा निघाल्या ते करून दाखवलं तिले." मी विचारले, कशाला हसत होती? तो म्हणाला, "आता तुमचं घर तुमाले ठाव."

बहुतेक काळजीने हसू येत असेल. बायकांना येते तसे.

पौष वद्य दशमी.

मंजुळा स्वतःच पाल शिवते आहे. निवृत्तीची पाल गाळण्यासारखी विरविरीत, ती पाहून म्हणाली, "हे कापड नाई, गायनं हाये." तिने माहेराहून जाडेभरडे खादीचे ठाण मागवले, दुहेरी शिवले आणि त्यावर जवसाचे तेल कढवून तीन हात दिले. वाळत घातले तर साऱ्या अंगणात जवसाचा वास. खुंट्याही तिने सांगून करून घेतल्या, वीतभर लांब नव्हे, चांगल्या हातभर, बाभळीच्या. म्हणाली, वाळूत रोवायच्या त पोटापर्यंत रोवा.

हे सगळे ठीक. पण माप चुकले. मी तिला सांगितले होते, निजायला मला चार हात रुंदी पुरे. तिने सहा हात केली. मी काठी घेऊन मोजून दाखवले.

"सहा झाली," मी म्हणालो.

"झाली त झाली," ती सुईला दोरा ओवत म्हणाली.

बायकांना मापाचा अंदाज नसतो. पण कापड एवढे चांगले की बोलवेना. आणि तिला एवढ्या खुशीत मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. शिवता शिवता ओव्या म्हणत होती.

पौष अमावास्या, हत्तीडोह.

इथे बसून लिहितो आहे, दिवस अजून आहे. पाल उभी आहे. मंजुळाने भाकरी, ठेचा आणि आंबाडीची भाजी आणली. कडुलिंबाचा पाला जाळून धूर केला, म्हणजे डास जवळ येत नाहीत. गोळे मळायला बसली तर माझ्यापेक्षा घट्ट मळले. म्हणाली, गूळ जास्त टाकता तुमी, पान्यात इरघळते. मला हसू आले, पण करू दिले.

आम्ही पाण्याकडे पाहत बसलो. ती म्हणाली, "लग्न होऊन आली तवा पूर्णा पाह्यली होती गाडीतून. त्याच्यानंतर आजच."

मी म्हणालो, "असं कसं? गाडीने यायचे तर एवढी काही लांब नाही."

ती गोळे टोपलीत रचू लागली. सातपुड्याच्या बाजूला ढग भरून येताहेत. माघ लागायच्या तोंडावर हे ढग कसले?

माघ शुद्ध प्रतिपदा, हत्तीडोह, सकाळ.

घाईत लिहितो आहे, अक्षर वाचता आले तर पाहावे.

जमादार निघाला!

आधी गारा. लिंबाएवढ्या, आणि वर सोसाट्याचा वारा. कडूबाच्या माळ्याचे छप्पर उडाले, ते आमच्यासमोरून ज्वारीवर गेले. आमची पाल? हलली नाही. जवसाच्या तेलावरून पाणी ओघळून जात होते आणि आत आम्ही दोघे कोरडे ठणठणीत. एका कोपऱ्यात घोंगडी, एका कोपऱ्यात टोपली, आणि तरी पाय पसरायला जागा. मी मंजुळाला म्हटले, "अगं, मेलो असतो." ती म्हणाली, "पाल पडली असती त." आणि एवढी हसली की मीही हसलो. का ते नक्की कळले नाही.

पाऊस थांबला, मला डोळा लागला. ती जागीच होती, झोप येत नाही म्हणाली.

फटफटीत व्हायच्या जरा आधी ती माझ्या खांद्याला पायाने ढोसत होती. "उठा! उठा ना!" मी उठलो तर काठी तिच्या हातात. घाबरून धरली असावी. पण घट्ट धरली होती, टाचा वाळूत रुतवून, आणि दोरी तिरकी पाण्यात गेलेली, ताठ, सुं सुं वाजत. मी काठी घेतली. खरे सांगायचे तर निम्मी घेतली, कारण ती सोडेना.

त्याने आम्हाला डोहाच्या वरच्या अंगाला नेले, मग खालच्या. मी ओढायला गेलो की ती म्हणे, "ढिल द्या, ढिल द्या. मोटेचा नाडा असा ओढत नाईत." मी ढील दिली. मला ते सुचणारच होते. मग तो वर आला, आणि मी पहिल्यांदा त्याला पूर्ण पाहिला. तांबूस खवले, एक एक कलदार रुपयाएवढा, आणि खरोखरच मिशा.

काठाशी आला तेव्हा पुन्हा उसळला, दोरी गेलीच असती. मंजुळा लुगड्याचा काचा मारून गुडघाभर पाण्यात गेली, आणि बसायला आणलेले बारदान त्याच्याखाली घालून तिने त्याला झोळीत उचलल्यासारखा उचलला. थोडी मदत तिनेही केली, हे मी इथे नमूद करतो.

वाळूवर तो पडला आणि मी त्याच्याशेजारी बसलो आणि रडलो. लाज कशाची? श्वास माझा लागला नव्हता, पाय कापत नव्हते. अंग थंडगार होते. मी धडधाकट आहे. मी बरा झालो आहे!

मंजुळा ओल्या लुगड्याने शेजारी बसली. तीही रडत होती. म्हणाली, "मले माहीत होतं. तुमाले कुठी माहीत होतं?"

माघ शुद्ध द्वितीया. जळगाव जामोद.

बल्लीला बांधून कडूबाने आणि मी गाडीपासून घरापर्यंत खांद्यावर आणला. शेपूट जमिनीला लागत होते असे लोक सांगतात, मी खोडून काढले नाही. सगळी गल्ली दारात. जोशीबुवाही आले होते. दादा त्यांना म्हणाला, "बुवा, तुमचं फळ खरं निघालं. मान भेटला!" जोशीबुवा म्हणाले, "माझं कोणतं फळ?" तेवढ्यात मंजुळाने त्यांच्यापुढे केळ्यांची फणी ठेवली, आणि ते फळ राहूनच गेले. म्हातारपणी असा विसर पडतो.

दादाने माझ्या कपाळाला हात लावला. मग दंडाला लावला. मग मासा पाहिला, आणि मला म्हणाला, "गारांत कोरडा राह्यला?"

"एक थेंब नाही."

त्याने माझी घोंगडी चाचपून पाहिली. "उद्या मोटेवर ये," म्हणाला. "मले एकट्याले होत नाई आता." एवढेच. पण मला ते साऱ्या गल्लीच्या गलक्यापेक्षा मोठे ऐकू आले.

माघ शुद्ध तृतीया.

मोट चालवली. दिवसभर. हातांना फोड आले, दाखवत हिंडलो.

घरी आलो तर मंजुळाने पाल अंगणात पसरून ठेवली होती आणि चुलीवर जवसाचे तेल तापत होते. पौर्णिमेच्या आत आणखी एक हात द्यायचा म्हणते. कडूबाने निरोप पाठवला आहे की डोहात दुसरा एक आहे, याच्याहून मोठा. हवालदार म्हणतात त्याला.

मी मनाशी ठरवले आहे की कधीतरी सवडीने तिला सांगून टाकावे, ती पाल कापडाची होती म्हणून. पण इतक्यात नको, बिचारीला वाईट वाटेल.

शांती आता झालीच आहे, पुढच्या खेपा मी एकट्याने करायच्या, तेव्हा मी कामाचे बोललो. म्हणालो, "ही सहा हातांची उचलायला जड होते. दोन हात कापून चाराची करून टाकू का?"

तिने तेलातला पोचारा वर धरला आणि माझ्याकडे पाहिले.

"कापून त पाहा."

राहू दे तर. एवढे चांगले कापड वाया घालवण्यात काय अर्थ आहे?